सुरईच्या पोटातलं रोगण

२ सप्टेंबर, सकाळ
आजपासून रोगणात मिसळायची राख कुटणं बंद! थडिन्जुटच्या, म्हणजे दिव्यांच्या सणाच्या, पौर्णिमेला विहारात द्यायची लाकडी सुरई उस्ताद ऊ ल्विन यांनी माझ्याकडे सोपवली. आतून रोगण मी लावायचं. मान इतकी अरुंद की कारखान्यात फक्त सोबत काम करणाऱ्या नांडाचा आणि माझाच पंजा आत जातो. नांडा सराईत आहे, पण माझ्याकडे शिस्त आहे.
पौर्णिमेला विहारातले भन्ते त्यातलं पाणी पिणार. जमलं तर मी कायमचा रोगणावर. नाही जमलं तर परत उखळाशी. आईने गल्लीभर सांगूनही टाकलं.

त्याच दिवशी, दुपार
झाडाच्या चिकाचा पहिला हात मारला. पातळ. सुरई तळघरात ठेवली. उस्ताद म्हणाले, हा चीक ओलाव्यात वाळतो, दार लाव आणि आठवडाभर विसरून जा. विसरणं हा निष्काळजीपणा आहे, असं माझं मत.

३ सप्टेंबर
दार जरासं उघडलं. आतलं दिसत नाही, म्हणून बोट लावून पाहिलं. ओलं. ठसा उमटला. ठशावर थोडा चीक लावला. आता परफेक्ट.

५ सप्टेंबर
ठसा वाळला का ते पाहिलं. तो बिघडू नये म्हणून शेजारी बोट लावलं. तिथेही ठसा.
संकल्प: यापुढे हात लावायचा नाही. फक्त बघायचं.

११ सप्टेंबर
टॉर्च घेऊन सुरईच्या तोंडाला डोळा लावला. तोंडाची कडही ओली होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डोळ्याभोवती काळं वर्तुळ. नांडा म्हणाली, अगं बाई, सोन्याची घुबडं तर शुभ म्हणून जोडीने घरात ठेवतात, हे एकटंच कुठून आलं? सगळे हसले. मीही हसलो, मोठ्या मनाने.

१२ सप्टेंबर
डोळा सुजून बंद. चिकाची खाज भयंकर. एका डोळ्याने एकाग्रता वाढते.

१९ सप्टेंबर
ठसे मोजणं सोडलं. नवा प्लॅन: पातळ हातांच्या नादी न लागता एकच जाड हात. चार आठवड्यांचं काम एका दिवसात, ठसेही बुजतील. हे अजून कोणाला कसं सुचलं नाही?

२७ सप्टेंबर
उस्तादांनी विचारलं, कसं चाललंय? म्हटलं, छान. खोटं नाही, बाहेरून छानच आहे. आत चीक तळाशी उतरलाय. वर दुधासारखी साय धरलीय, खाली मऊ. साय म्हणजे प्रगतीच.

१ ऑक्टोबर
सुरई गपचूप उन्हात ठेवली. उस्तादांचा नियम मान्य, पण उन्हात सगळंच वाळतं हे शाळेत शिकवलंय. शेजारच्या दोरीवर माझी लुंगी अर्ध्या तासात वाळली. सुरई नाही. लाकूड जाड आहे ना.

५ ऑक्टोबर
उस्तादांनी सुरईत पाणी भरलं, हलवलं, पेल्यात ओतलं. पाण्यावर काळे तवंग. वास घेतला. मग म्हणाले, बाळा, भन्तेंना पाणी पाजायचंय, जुलाब नाही द्यायचा. यंदा हवेत ओलावा कमी आहे, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं असावं.

६ ऑक्टोबर, पौर्णिमा
नांडा घरून फडक्यात गुंडाळलेली सुरई घेऊन आली. तशीच मान, तसंच पोट. उस्तादांनी ती तिला २ सप्टेंबरलाच दिली होती. तिने घरच्या तळघरात पुरी केली. म्हणजे पहिल्या दिवसापासून!
भन्ते पाणी प्यायले, त्यांनी आणखी मागितलं. आई पहिल्या रांगेत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
नांडाला विचारलं, आत वाळलंय हे तुला कळायचं कसं? म्हणाली, कळायला कशाला हवं? आठवडा भरेपर्यंत मी दार उघडलंच नाही.
उद्यापासून उखळ. तात्पुरतं. माझी सुरई उस्तादांनी स्वतः तळघरात नेऊन ठेवली. म्हणाले, पुढच्या थडिन्जुटपर्यंत हिला शिवलास तर याद राख. मी शब्द दिला. या वेळी जमणार.

त्याच दिवशी, संध्याकाळ
तळघरावरून जात होतो, म्हणून. फक्त करंगळी.
ओलीच आहे.