शेगडीमागचा क्रूस

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा मनापासून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर मी आठवणीनं विचारलं होतं एवढं सांग. त्यांना औषधापेक्षा विचारपूस लागू पडते.) आम्ही दोघं ठीक आहोत. पत्राला चार महिने उशीर झाला याचं कारण एवढंच, की मधल्या काळात मी इतिहासकार झालो.

हसू नकोस. तू मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालीस आणि मी एकतीस वर्षं चर्चच्या देवळाची घंटा वाजवतो, किल्ल्या सांभाळतो, बाकं पुसतो, हे मला मान्य आहे. पण चर्चचा इतिहास लिहायचाच तर तो घंटावाल्यानं लिहावा असं माझं स्पष्ट मत आहे. पाळकसाहेब पाच वर्षांनी बदलतात, कारभार बघणारे पंच भांडण झालं की बदलतात, आम्ही मात्र बाबांच्या आधीपासून तिथेच आहोत. निमित्त असं झालं, की पंचांचे सचिव (त्यांना सगळे मोजपट्टी म्हणतात, कारण ती त्यांच्या खिशात कायम असते) एका सकाळी आले आणि तुझ्या भावजयीच्या डोळ्यांदेखत देवळाच्या आवारातल्या आपल्या दोन खोल्या मोजून गेले. त्या पाडल्या की म्हणे सात गाड्या उभ्या राहतील. तू आणि मी जिथे जन्मलो, जिथे आई गेली, तिथे सात गाड्या! तुझी भावजय रडायला लागली. मलाही भरून आलं, पण मी डगमगलो नाही. देवळाला दीडशे वर्षं होतात म्हणून आवारातल्या सगळ्या इमारतींचा इतिहास छापायचं ठरलं होतं आणि लिहायला कुणी पुढे येत नव्हतं. मी हात वर केला.

मग मी जे काही शोधून काढलं त्याला तोड नाही. मनोरा का तिरपा आहे, माहीत आहे? घंटा आधी आली आणि मनोरा नंतर बांधला. तो बांधून झाल्यावर कळलं की घंटा दारातून आत जात नाही. अकरा वर्षं ती झाडाला टांगलेली होती. शेवटी एका बाजूची भिंत फोडून आत घेतली, तेव्हापासून मनोरा त्या बाजूला कललेला आहे. सभागृह म्हणजे पहिल्या पाळकसाहेबांच्या घोड्याचा तबेला. (पंचांच्या सभा तिथेच होतात. मी या विषयावर काही लिहिलेलं नाही, फक्त दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवली आहेत.) मेंढपाळाची रंगीत काचांची खिडकी उलटी बसवलेली आहे, त्यामुळे मेंढपाळ आपल्याकडे नाही, बाहेर रस्त्याकडे बघतो. आणि वेदी असायची पूर्वेला, आपली आहे पश्चिमेला, कारण गवंड्यांनी दिशा पाहिली नाही, रस्ता पाहिला. अशी सत्तेचाळीस पानं. पाळकसाहेबांनी ती एका बैठकीत वाचली आणि मधूनमधून डोळे पुसले. हसून की कशानं, ते मी विचारलं नाही.

पण खरा हिरा सापडला तो वेदीमागच्या कपाटात, पहिल्या पाळकसाहेबांच्या रोजवहीत. हे मोठं देऊळ उभं राहण्याआधी ते एका लहान खोलीत उपासना घेत. त्याच खोलीत झोपत आणि त्याच खोलीत रांधत. एका रविवारी त्यांनी लिहिलंय, की आज अकरा जण होते आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आधी वाटलं प्रवचनामुळे, मग कळलं चूल धुमसत होती. मला हा माणूस फार आवडला. शेवटच्या पानावर वेगळ्या अक्षरात नोंद आहे, की साहेबांना त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्या पहिल्या खोलीत, जमिनीखाली, क्रूसाजवळ पुरलं. आता ती खोली कुठली, हे दीडशे वर्षांत कुणाला कळलं नव्हतं. मी विचार केला. आवारात जुन्या उपासनेला शोभेल अशी, पूर्वेला खिडकी असलेली, जाड भिंतींची, कमानीच्या कोनाड्याची खोली एकच. आपलं स्वयंपाकघर! शिवाय शेगडीमागच्या भिंतीत कोरलेला क्रूस आहेच, तो तुला वेगळा सांगायला नको.

बिशपसाहेबांच्या कचेरीतून जुन्या इमारतींच्या जाणकार बाई आल्या. त्यांनी क्रूसावरून बोट फिरवलं आणि हा इथे कधीपासून आहे, असं मला विचारलं. मी म्हणालो, ‘‘मला कळतंय तेव्हापासून बघतोय.’’ ही अक्षरशः खरी गोष्ट आहे. बाईंनी मान डोलावली, फोटो काढले, आणि काल सभेत ठराव झाला, की पहिली उपासना झाली ती ही जागा, हिची एक वीटही हलवायची नाही. मोजपट्टींनी पट्टी खिशात घातली. बाबा असते तर त्यांनी घंटा वाजवली असती. ते नाहीत म्हणून मी वाजवली, आणि अवेळी वाजवल्याबद्दल बोलणीही खाल्ली.

भाऊजींना सलाम, मुलांना आशीर्वाद. तुझे गुडघे चालते राहोत आणि माझी लेखणीही.

तुझा,
धाकटा (आता इतिहासकार)

ता. क. ठरावाचं दुसरं कलम आज हातात पडलं. जागा इतकी पवित्र असल्यामुळे तिथे शेगडी पेटवणं आणि कुणी राहणं योग्य नाही, सबब आम्ही महिनाअखेर खोल्या रिकाम्या कराव्यात. तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही. एकच वाक्य बोलली, की गाड्या परवडल्या असत्या.

दुसरा ता. क. तेव्हा ताई, आता तूच वाचव. (वीट न हलवण्याच्या पहिल्या कलमावर बिशपसाहेबांच्या कचेरीचा शिक्का बसलाय, त्यामुळे भिंती आता कुणी पाडत नाही; दुसरं कलम तेवढं पंचांच्या हातात आहे.) पंचांना सविस्तर पत्र लिही, की तो क्रूस तू नऊ वर्षांची असताना बाबांच्या छिन्नीनं कोरलास. तुझा राखाडी बोका मेला होता, बाहेर जमीन दगडासारखी होती म्हणून तू त्याला बिस्किटांच्या डब्यात घालून शेगडीजवळच्या फरशीखाली पुरलंस, आणि आईनं तुला त्याबद्दल चोपलं होतं. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, म्हणजे मी खोटं बोललो नाही हेही जमल्यास लिही. मुख्याध्यापिकेच्या शब्दाला मान असतो. पुरावा म्हणून मी आज दुपारी फरशी उचलून डबा बाहेर काढतोय.

तिसरा ता. क. डबा मिळाला. ताई, डब्याखाली एक घडीव दगड आहे. त्यावर पहिल्या पाळकसाहेबांचं नाव आहे आणि एक लहानसा क्रूस, तू कोरलेल्यापेक्षा सुबक. मी जे रेटून सांगितलं ते खरंच निघालं. तुझा बोका इतकी वर्षं त्यांच्या छातीवर झोपला होता. मी आणि तुझी भावजय दगडापाशी बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शेगडी तर बंद होती. मग मी साहेबांना सगळं सांगितलं, गाड्यांचं, ठरावाचं, तुझ्या बोक्याचं. ज्या माणसानं याच खोलीत चूल पेटवली आणि मग तिच्याशेजारीच झोपायचं ठरवलं, त्याची आमच्या शेगडीला हरकत नसावी. डबा होता तिथे ठेवला, फरशी बसवली, आणि तुझ्या भावजयीनं चहा टाकला. आज ती माझ्याशी बोलली.

तू पत्र आजच टाक. त्यात बोक्याचं सगळं लिही, एक शब्द गाळू नकोस, कारण ते सगळं खरं आहे. साहेबांबद्दल तुला कुणी विचारलेलं नाही.