निळ्या पडद्याआधीचं वाक्य

आबा, तुमचा कॉम्प्युटर आज पुन्हा बंद पडला. सुरू होतो, मिनिटभर बरा असतो, मग सगळा पडदा निळा होऊन पांढऱ्या इंग्रजी ओळी येतात. त्या वाचून होण्याआधी पुन्हा बंद, पुन्हा सुरू. विश्रांतवाडीचं घर आता रिकामं करायचं आहे आणि तुम्ही लिहायला घेतलेल्या आठवणी त्यातच आहेत. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, एवढ्या जुन्या मशीनला आम्ही हात लावत नाही, हात जोडतो." त्याला सुनवायला तोंड उघडलं आणि तुमचंच बोलणं आठवलं : "बाईसाहेब, ही सभा नाही. यंत्र टाळ्या वाजवत नाही आणि घाबरतही नाही."

म्हणून तुमची वही काढली. निवृत्तीनंतर हे यंत्र घेतलंत आणि ऑफिसातल्या फायलींसारखी त्याची दुखणी लिहून ठेवलीत. तीन रकाने : काय दिसलं, काय केलं, कारण. निळा पडदा चार क्षण टिकायचा, म्हणून तुम्ही दर खेपेला एकच ओळ उतरवायचात आणि पुढच्या ओळीसाठी यंत्र पुन्हा बंद पडण्याची वाट बघत बसायचात. मी गावोगावच्या व्यासपीठांवरून सगळं एकदम बदला म्हणून गरजत होते आणि तुम्ही घरी सांगत होतात, "एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर कशाने बरं झालं ते कसं कळणार?" मला तो कारकुनी भित्रेपणा वाटायचा.

तो रविवार. संध्याकाळी माझं भाषण आहे, ते टाइप करायचं आहे आणि तुम्ही खुर्ची सोडत नाही. एका बोटाने अक्षरं शोधत लोणी काळभोरचं लहानपण लिहिता आहात. "आबा, उठा ना आता." "एवढं वाक्य होऊ दे गं." "तासभर तेच वाक्य चाललंय! मला सभा आहे." "सभेला लोक थांबतात, मला अक्षर थांबत नाही." आणि रागाच्या भरात मी टेबलाखालच्या सीपीयूला लाथ मारते. पडदा निळा. तुमची नजर कीबोर्डवर होती, तुम्हाला काही दिसलं नाही. "सकाळी मीच ते नवे मराठी फॉन्ट टाकले," तुम्ही म्हणालात. "नसती उठाठेव." मी गप्प राहिले. आठ दिवस तुम्ही दोष शोधत होतात. शेवटी सीपीयू उघडून रॅमची पट्टी काढलीत, तिची सोनेरी कड माझ्या शाळेतल्या खोडरबराने घासलीत, परत दाबून बसवलीत आणि यंत्र चालू झालं. पट्टी सैल कशाने झाली ते कळलं नाही, तरी दोष तुम्ही स्वतःकडेच ठेवलात. "आता हे तूच वापर," म्हणालात. "माझा हात नको त्याला." त्या खुर्चीत तुम्ही पुन्हा बसला नाहीत. खरं बोलायला भिऊ नका, हे त्या वर्षी मी किती सभांतून सांगितलं असेन!

आज वहीत लिहिलंय तसंच केलं. प्लग काढला, पट्टी काढली, घासली, किट्ट आवाज होईपर्यंत दाबली. बाकी कशालाही हात लावला नाही. चालू झाला, आबा. तुमची अकरा पानं मी आज पहिल्यांदा वाचली. शेवटच्या पानावर आजोबा धम्म स्वीकारून आलेत आणि देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नदीवर निघालेत. आजी दारात रडते आहे. मग तुमची शेवटची ओळ : "वडील रिकामी टोपली घेऊन परत आले, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले," पुढे काही नाही. स्वल्पविराम आला तरी सेव्ह करायची तुमची सवय, म्हणून एवढं तरी उरलं.

काय म्हणाले आजोबा? ते ऐकलेलं माणूस आता कुणी नाही. तुम्ही होतात तेव्हा माझ्या खोलीपासून बारा पावलांवर होतात आणि मी विचारलं नाही. हजारोंसमोर माझं वाक्य कधी अडलं नाही, म्हणून हेही तीनदा माझ्या मनाने पुढे टाइप करून पाहिलं. तिन्ही वेळा आवाज माझाच आला. मग पुसून टाकलं आणि तुमचा स्वल्पविराम होता तसा ठेवला.

हे सगळं तुमच्या वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. वही कुठे पाठवायची नाही, माझ्याकडेच राहील. त्या रविवारच्या नोंदीत 'कारण' या रकान्यात तुमच्या अक्षरात लिहिलंय, "माझी चूक". ते खोडायला पेन टेकवलं, पण तुमचं अक्षर खोडवेना. शेजारी बारीक अक्षरात एवढंच लिहिलं : नाही आबा, टेबलाखालचा पाय माझा होता.