सरहद्दीच्या अलीकडचं स्टेशन

डिंडोली, सुरत
१२ जानेवारी २०२५

चि. निशास, बाबांचे व घरच्या सर्वांचे आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तू रोज विचारतेस जेवलात का, मी रोज सांगतो जेवलो, आणि फोन ठेवला की तुझी आई विचारते, पोरगी काय म्हणाली. सांगायला काही नसतं. म्हणून हे पत्र. मी लिहितो, तुझी वहिनी फोटो काढून तुझ्या फोनवर टाकते. तूही तसंच कर. वैशालीला पोस्टखात्याची नोकरी लागली असं समज.

काल तुझ्या दादानं, धम्मरत्ननं, मला मोटरसायकलवर अंत्रोलीला नेलं. बुलेट ट्रेनचं स्टेशन उभं राहिलंय. सगळी नोकरी उधना ते नंदुरबार गाडी चालवली, पण डोक्यावरून गेलेला असला रूळ पाहिला नव्हता. एक फाटक नाही, एक म्हैस आडवी येणार नाही. तिथे कंत्राटदाराकडे पंडितभाऊ म्हणून धम्मरत्नच्या ओळखीचे आहेत. ते म्हणाले, सिग्नलच्या कामाची शिकलेली माणसं लागणार आहेत. मी सांगितलं, माझी मुलगी युरोपात हेच करते. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

तुझं माहेर डिंडोली, सासर वराछा, एका रिक्षेचं अंतर. आणि तुम्ही नवराबायको, तू ब्रुसेल्सला, भूपेंद्रभाई बार्सिलोनाला, मधे अख्खा फ्रान्स. तुझी आई म्हणते, आता पुरे, परत या. मी काही म्हणत नाही.

थंडीला जप. घरची आठवण ठेवावी, एवढंच मागणं.

तुझा बाबा,
नागनाथ

---

ब्रुसेल्स
२ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा व ती. आईस, निशाचा सविनय जयभीम.

वि. वि. पत्र ऑफिसात वाचलं आणि म्हशीपाशी हसले. शेजारच्या बाईनं कारण विचारलं, ते मला फ्रेंचमध्ये सांगता आलं नाही.

बाबा, तुम्ही काही म्हणत नाही हे कळलं. पण मी इथे काय करते ते नीट सांगते. आमची कंपनी लहान आहे. आम्हाला ब्रुसेल्सहून थेट बार्सिलोनापर्यंत वेगवान गाडी चालवायची आहे, पॅरिसला न बदलता. रूळ तयार आहेत, माणसं बसायला तयार आहेत, तरी गाडी निघत नाही. बेल्जियमच्या तारेत विजेचा एक दाब, फ्रान्समध्ये दुसरा. सिग्नलची तऱ्हा बदलत जाते, म्हणून एकाच इंजिनात सगळी यंत्रं बसवायची, आणि ती बसवली की प्रत्येक देश म्हणणार, आम्ही पुन्हा तपासणार. गाडी रात्री उभी करून धुवायला शेड हवी, तर शेड जुन्या मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात. ड्रायव्हरनं ज्या देशातून जायचं त्या देशाच्या भाषेची परीक्षा द्यायची. आमची एक चांगली ड्रायव्हर स्पॅनिशमध्ये दुसऱ्यांदा नापास झाली. आणि एवढं करून तिकीट विमानाहून महाग पडतं.

दर दोन महिन्यांनी वाटतं, आता सुटली गाडी. मग कुठल्यातरी कार्यालयातून एक कागद येतो. माझीही झोप गेलीच आहे, तेव्हा आपण दोघं एकाच पाळीत जागतोय असं धरा. परवान्याची सुनावणी जूनमध्ये आहे. ती सोडून मी कुठे जाऊ?

आणखी एक. आईला खाली बसवून सांगा. जुलैच्या सुरुवातीला तुम्ही आजोबा होणार आहात.

तुमची माया अशीच पाठीशी असू द्या.

निशा

---

डिंडोली
२० फेब्रुवारी २०२५

चि. निशास, अनेक आशीर्वाद.

वि. वि. असली बातमी शेडच्या आणि तारेच्या मागे लपवून लिहायची असते का? मी वाचताना आधी विजेच्या दाबातच अडकलो होतो. वैशालीनं खालची ओळ दाखवली. तुझ्या आईनं गल्लीत गूळ वाटला. वराछ्याहून तुझ्या सासूबाई कुसुमबेन घारीची मिठाई घेऊन आल्या आणि दोघी दुपारभर अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या वऱ्हाडीत बोलत बसल्या.

आता ऐक. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तुझी आई म्हणते एप्रिलमध्ये निघून ये. इथे दवाखाना जवळ आहे, माणसं आहेत. तिथे जावई एका देशात, तू दुसऱ्या. कळा सुरू झाल्या तर तू कोणाला हाक मारणार? सुनावणी कंपनीची आहे, पोट तुझं आहे. आणि आलीस की पंडितभाऊंकडे जाऊन अर्जही देता येईल, हे आपलं सहज लिहितो.

ड्रायव्हरच्या भाषेचं मला पटलं नाही. मी उधन्याला आलो तेव्हा मला गुजरातीचा गंध नव्हता. कामाची ठरलेली वाक्यं पाठ केली आणि निभावलं. तुम्हीही तशी वाक्यं ठरवून द्या की.

मन थाऱ्यावर नाही. चार ओळी लगेच लिही. म्हाताऱ्यांना विसरू नये.

बाबा

---

ब्रुसेल्स
२८ एप्रिल २०२५

ती. बाबा व ती. आईस, सविनय जयभीम.

वि. वि. उत्तराला फार उशीर झाला, रागावू नका. ठरलेल्या वाक्यांची युक्ती आम्ही दोन वर्षांपूर्वीच मांडली होती. उत्तर आलं की विचार करू. अजून विचार चालू आहे.

सुरतेला येणं आता माझ्या हातात राहिलं नाही. माझं ब्लडप्रेशर वाढलंय. डॉक्टरीणबाईंनी विमान बंद सांगितलंय. घाबरू नका, गोळ्या चालू आहेत. ऑफिसनं घरून काम करायला परवानगी दिली, म्हणून मेच्या मध्यावर आगगाडीनं बार्सिलोनाला जाते आहे, भूपेंद्रकडे. बाळंतपण तिथेच. पॅरिसला स्टेशन बदलायचं आणि दुसरी गाडी पकडायची. दोन कंपन्या, दोन तिकिटं. मधे वेळ भरपूर ठेवलाय.

आईला सांगा, मी तिच्यावर रुसले नाही. मला ये म्हणणारं माणूस आहे, हेच बरं वाटतं. पण बाबा, प्रत्येक पत्रात ये वाचलं की दोन दिवस माझं कामात लक्ष लागत नाही. इथे असले की तिकडे ओढ, भूपेंद्रकडे गेले की इथल्या कामाची हुरहुर. मी कुठेच धड बसलेली नाही.

रागावलात तरी प्रेम कमी करू नका.

निशा

---

ल्यों, फ्रान्स
१९ मे २०२५

प्रिय दादास, जयभीम.

हे पत्र आधी तू एकट्यानं वाच आणि बाबांना किती सांगायचं ते ठरव. मुलगी झाली, दोघी ठीक आहोत, एवढंच मी फोनवर सांगितलं होतं.

गुरुवारी ब्रुसेल्सहून निघाले. पॅरिसच्या अलीकडे गाडी शेतात उभी राहिली आणि राहिलीच. पॅरिसला उतरून टॅक्सीनं दुसऱ्या स्टेशनवर पोचले, तर बार्सिलोनाची त्या दिवसाची शेवटची थेट गाडी गेलेली. खिडकीवरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, तुमची पहिली गाडी आमची नव्हती, त्यामुळे हे तिकीट संपलं. पहिल्या कंपनीला फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, तुमचा आमच्यापुरता प्रवास पूर्ण झाला. दादा, माझ्या टेबलावर या विषयाचं जाड टिपण पडलेलं आहे. त्यात अशा माणसाला आम्ही ‘मधे अडकलेला प्रवासी’ म्हणतो. मी पोटावर हात ठेवून बाकावर बसले होते आणि ते टिपण मला शब्दन् शब्द आठवत होतं.

पॅरिसला थांबायला हवं होतं. पण मला भूपेंद्रच्या जवळ जायचं होतं, निदान तेवढं अंतर तरी कमी करायचं होतं. ल्योंपर्यंतचं नवं तिकीट काढलं. अर्ध्या वाटेत डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे ठिणग्या. तिकीट तपासायला आलेल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिकीट मागितलंच नाही. शेजारी बसली, पाय वर घ्यायला लावले, पुढच्या स्टेशनला फोन केला. माझी फ्रेंच पळून गेली होती. मी तिच्याशी मराठीत बोलत होते आणि ती हो हो म्हणत होती. ल्योंला रुग्णवाहिका फलाटाशी उभी होती. संध्याकाळी पोट उघडून मुलगी काढली. दोन तळव्यांत मावेल एवढी. काचेच्या पेटीत आहे.

भूपेंद्र दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, तोही वाटेत गाडी बदलून. पेटीपाशी उभा राहून एकदम गुजरातीत बोलायला लागला. मी त्याला इतका वेळ गुजराती बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आम्ही तिचं नाव उज्ज्वला ठेवलंय.

आता डॉक्टर म्हणतात धोका टळला. खरंच टळलाय, तुझ्यापासून काही लपवत नाही. वहिनीला नमस्कार. भावाची सावली असू दे.

निशा

---

डिंडोली
३० मे २०२५

निशाताई, सप्रेम जयभीम. आई सांगतायत आणि मी, वैशाली, तसंच्या तसं लिहितेय. काही बदलायचं नाही असं बजावलंय.

निशे, तुह्या भावानं मले सगळं सांगतलं. तुह्या बापाले बी सांगतलं. तो माणूस दोन दिवस जेवला नाही, अन् रोज व्हिसाच्या ऑफिसात जाऊन बसते. त्याले म्हनतात, बाबा, तारीख भेटल तवा या. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.

तुले एक सांगायचं हाये. मी तुले कधी परत ये म्हटलं नाही. तुह्या बापानं पत्रात माह्या नावानं लिहिलं ते मले आता वैशालीनं वाचून दाखवलं. मी त्याले चांगली बोलली. तो म्हणे, सोताच्या नावानं लिहिलं तर पोरगी मनावर घेणार नाही.

मी नांदुऱ्याहून सुरतेले आली तवा माह्या मायनं पण ये ये केलं नाही. करती तर मी इथं टिकली नसती. पोरगी वाढव, काम सोडू नको. अन् मधे अडकलेल्या मानसाचं काय ते त्या साहेबलोकांले तोंडानं सांग, कागदावर नको. तू बसली होती त्या बाकावर, ते नव्हते बसले.

आमी दोघं येतो. कवा ते माहीत नाही.

तुही माय,
रंभाबाई

---

डिंडोली
१५ सप्टेंबर २०२५

चि. निशास, आशीर्वाद. उज्ज्वलेस खूप खूप पापे.

वि. वि. तुझ्या आईचं पत्र गेल्यापासून मी लिहायला धजलो नव्हतो. तिनं सांगितलं ते खरं आहे. यापुढे माझ्या मनातलं माझ्याच नावानं लिहीन. माझ्या मनात अजून आहे की तू अंत्रोलीला असावंस. पण हे पत्र तुला बोलवायला नाही.

एकदा अर्ज परत आला होता, आता व्हिसा मिळाला. डिसेंबरअखेर येतो. तुझी आई बाजरीच्या खारोड्या वाळवून बसली आहे. विमानतळावर धरतील म्हटलं तर म्हणते, खाऊन बघा म्हणावं.

उज्ज्वलेचं कसं करणार? जन्म फ्रान्सचा, आईची नोकरी बेल्जियमची, बापाचं घर स्पेनमध्ये, पासपोर्ट भारताचा. तुमच्या गाडीसारखीच तिलाही सगळीकडे पुन्हा पुन्हा तपासतील. सुनावणीचं काय झालं ते तू फोनवर टाळतेस. वाईट असलं तरी लिही. न कळण्यानं जास्त जीव घाबरा होतो.

आहे तशी माया राहू दे.

बाबा

---

बार्सिलोना
९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा व ती. आईस, निशा, भूपेंद्र आणि उज्ज्वलाचा जयभीम.

वि. वि. टाळत होते, कारण सांगायला पुरं काही नव्हतं. जूनमधली सुनावणी पुढे ढकलून सप्टेंबरअखेर झाली. मला सिग्नलचा भाग वाचून दाखवायचा होता, तो वाचला. मग आईनं सांगितलं तसं कागद खाली ठेवून बोलले. पॅरिसची खिडकी, बाक, ती तिकीट न मागणारी बाई. सगळे ऐकत होते. अध्यक्षबाईंनी पाणी पुढे केलं. मग म्हणाल्या की हे ऐकून वाईट वाटलं, परंतु तिकिटांचा विषय या सुनावणीच्या कक्षेत येत नाही. बाहेर येऊन मी जिन्यात रडले, आणि मग मला भूक लागली.

निकाल मागच्या आठवड्यात आला. डिसेंबरमध्ये इथलं वेळापत्रक बदलतं, तेव्हापासून आमच्या गाडीला परवानगी आहे, पण फ्रान्सच्या शेवटच्या मोठ्या स्टेशनपर्यंत, पेर्पिन्यांपर्यंत. त्यापुढे डोंगराखालचा बोगदा आणि लगेच स्पेन. तिथल्या सिग्नलची तपासणी नव्याने होणार, किती काळ लागेल कोणी सांगत नाही. ऑफिसात अर्धे आनंदानं नाचले, अर्धे पुढच्या तपासणीचे कागद काढून बसले. मी दोन्ही केलं.

बाबा, अंत्रोलीला मी येत नाही. ब्रुसेल्सची खोलीही सोडली. स्पेनच्या तपासणीचं काम इथूनच करावं लागेल, ते मी मागून घेतलं. भूपेंद्र सकाळी उज्ज्वलाला पाळणाघरात सोडतो, संध्याकाळी मी आणते. काम संपेल की नाही माहीत नाही, रात्री अजूनही मधेच जाग येते. पण जाग येते तेव्हा दोघं शेजारी असतात.

तुमचं विमान ब्रुसेल्सला उतरेल. तिथे माझी मैत्रीण तुम्हाला आमच्या गाडीत बसवून देईल. एकच तिकीट आहे, वाटेत कुठे बदलायचं नाही, आईला खिडकीची जागा ठेवलीय. सगळे उतरतील तिथे उतरा, गाडी पुढे जात नाही. पेर्पिन्यांच्या फलाटावर मी उज्ज्वलाला घेऊन उभी असेन. सरहद्द आपण भूपेंद्रच्या मोटारीनं ओलांडू.

वाट पाहते. बाकी सगळं भेटीत.

तुमची,
निशा