खिडकीजवळची खाट

७ ऑक्टोबर

प्रिय आई,

नमस्कार. मी ठणठणीत आहे. बाबांची पाठ कशी आहे? पार्सल पोचलं. दोन्ही स्वेटर मिळाले. माझ्या दोस्ताला, म्हणजे तुझ्या लाडक्या लांब्याला, त्याचा दिला. त्याचा निळा आहे, माझा मातकट. असो.

स्वेटर बघून पोरं म्हणाली, "तुझी आई भारी आहे रे!" कुणाला म्हणाली? त्याला. आणि हा नुसता हसला. सुट्टीत त्याला घरी आणलं ते मीच, म्हणजे पायावर धोंडा मीच मारून घेतला.

तू विचारलंस म्हणून सांगतो. आमची खोली सोळा जणांची, राहत होतो तीस जण. "खलाशी व्हायचंय ना? जहाजावर तर याहून दाटी असते, आतापासून सवय करा," असं वसतिगृहाचे सर म्हणायचे. कूस बदलली की शेजाऱ्याच्या तोंडात कोपर. ओले मोजे, ओले टॉवेल आणि सगळ्यांचे श्वास. खिडक्या रंगानं चिकटून बसल्या होत्या, एकच उघडायची. तिच्याजवळची खाट चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा कुणाला मिळाली, ते सांगायला हवं का?

लांब्या म्हणाला, "तुझा जीव गुदमरतो ना? आपण खाटा बदलू."

मी म्हटलं, "माझी आई घेतलीस, आता खाट देऊन फेडतोस काय?"

तो आपल्या खाटेवर जाऊन पडला.

मग गेल्या आठवड्यात कवायतीत मी चक्कर येऊन पडलो. तुला माहीतच आहे म्हणा, त्यानं लगेच कळवलं. माझी चक्करसुद्धा तुला त्याच्या अक्षरात समजली! तुझं उत्तर आलं तेही त्याच्याच नावानं.

डॉक्टरीणबाई खोली बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. सरांना म्हणाल्या, "ही मुलं आहेत की गोदामातली पोती?" संध्याकाळपर्यंत सुतारानं खिडक्या मोकळ्या केल्या आणि निम्म्या खाटा व्यायामशाळेत हलल्या. लांब्याचीही.

आता खोलीत वारा खेळतो. पण काल जेवताना त्याच्या शेजारची जागा दुसऱ्यानंच पटकावली, तर मी ताट तसंच ठेवून उठलो. मी नक्की कुणावर जळतो, मलाच कळेना.

त्याला आई नाही, हे मला माहीत आहे. दर पत्रात लिहू नकोस. येत्या सुट्टीत त्याला घेऊन येतोय. त्याचे हवे तेवढे लाड कर. फक्त दार उघडशील तेव्हा आधी मला जवळ घे.

तुझा,
एकुलता एक