त्या हिरव्या आईबापांची मालिका

पोरी,

काल तुझी मालिका मध्येच बंद केली, चुकलं माझं. दुसऱ्यांची पोरं सांभाळायला घेणारे आईबाप परग्रहावरचे, हा कसला खुळेपणा, असं वाटलं होतं. आज तू शाळेत गेल्यावर बसून पाहिली. ती हिरवी बया जेवायच्या काट्याने केस विंचरते, पण पोरांना अंतर देत नाही.

तू आमच्याकडे आलीस त्याला तीन महिने झाले, तरी पिशवी भरून दाराशीच ठेवतेस. आज ती मी रिकामी केली, कपडे कपाटात लावलेत. खुशाल रागाव.

तू कायमची इथेच राहावीस म्हणून बालकल्याणच्या ऑफिसात कागदांवर सही करायला चाललेय. अंगठा नाही, सही! नको असेल तर आल्यावर तोंडावर सांग.

आणि मला 'बाई' म्हणणं बंद कर. आजी म्हण, नाहीतर मी ओ देणार नाही.