दादाने ठेवलेली ट्रिमची पट्टी

तेर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. रामलिंगमामांस,
श्रीनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

एस. टी.ने पाठवलेले दोन्ही सर्व्हो पोहोचले. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

योगीदादा गेल्यापासून त्याचं रिमोटवर उडणारं नवं ग्लायडर माळ्यावर पडून होतं. पंख त्याने पूर्ण केले होते. मागच्या झडपा हलवणाऱ्या या छोट्या मोटरी तेवढ्या बसवायच्या राहिल्या होत्या. त्या मी बसवल्या. आधी सर्व्होला टेप गुंडाळली, मग गोंद लावला, म्हणजे पुढे काढताना पंख फाटणार नाही. रिमोट चालू करून सर्व्हो मध्यावर आल्यावरच त्याला झडपेशी जोडणारी दांडी लावली. झडपा फूटपट्टी धरून दोनदा तपासल्या.

आईने काल आपणहून विचारलं, कधी उडवणार. माळावर येते म्हणाली. दादा गेल्यापासून ती घराबाहेर पडलेली नाही. तिच्यासमोर हे पडलं तर काय, एवढीच काळजी आहे. बाकी मला काही वाटत नाही. जेवतो, झोपतो, पॉलिश पेपर घासतो.

मामींना नमस्कार. आजवर केलीत तशीच माया करावी.

आपला,
श्रीनाथ


नळदुर्ग
१६ नोव्हेंबर

चि. श्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मामी विचारती, भाचा तलाठी झाला का काय! लई नीटनेटकं काम तुझं. योगीला गोंद वाळूस्तोर दम नसायचा.

पण एक सांग. दांडी लावताना रिमोटवरची ट्रिमची, म्हंजे कल सावरायची सरकती पट्टी शून्यावर होती का? योगीच्या जुन्या ग्लायडरचा पंख पिळलेला, ते उजवीकडं कलायचं. म्हणून त्यानं ती पट्टी डावीकडं पार टोकाजवळ सरकवलेली. तशीच ठेवून बसवलं असशील तर तुझा मध्य खोटा. हे नवं उजवीकडं कललं, तर सावरायला पट्टीला जागा न्हाय. सरळ खाली येतंय. तेही अक्कांच्या डोळ्यांदेखत.

पट्टी शून्यावर आण, दांड्या काढून परत लाव. जेवत जा. ख्यालीखुशाली कळवत जा.

तुझा,
रामलिंगमामा


तेर
२५ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पट्टी मी पाहिली होती. मुद्दाम हलवली नाही. दादाचे कपडे दिले, गाडी विकली. त्याच्या अंगठ्याने ठेवलेलं तेवढंच घरात जागच्या जागी होतं.

तुमचं पत्र आल्यावर पट्टी होती तिथे पेन्सिलने रेघ मारली आणि पट्टी शून्यावर आणली. दांड्या पुन्हा लावल्या. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

काल उडवलं. आई दगडावर बसली होती. हातातून सोडताच ग्लायडर उजवीकडे कललं. आई उभी राहिली. मी पट्टी डावीकडे ढकलत गेलो, तसं ते सावरलं आणि वर चढलं. मग आई म्हणाली, उतरव आता, भाकरी गार होते. दादाला रोज हेच ओरडायची.

घरी येऊन रिमोट पाहिला. पट्टी पेन्सिलच्या रेघेवर येऊन थांबली होती. दादाने हेही पंख तसेच पिळलेले केले होते. आईला दाखवलं. तिने रिमोट पदराने पुसला, पट्टी मात्र बोटाने धरून ठेवली.

रेघ मी खोडून टाकली. पट्टी आहे तिथेच आहे.

एकदा येऊन जावं, आईही म्हणते. आमच्यावर लक्ष असू द्यावं.

आपला,
श्रीनाथ