वांगी रंगाला पर्याय

कॅरी, ४ ऑगस्ट २०२४

ती. गुरुदत्तकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

“रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नये, खिडकीशी न्यावा.” माझ्या लग्नाच्या साड्या घेताना तुम्ही दुकानदाराला हे सुनावलं होतं आणि एकेक साडी बाहेर फुटपाथवर आणायला लावली होती. पद्मिनीकाकू लाजून दुकानाच्या पार टोकाला जाऊन बसली होती. सध्या ते वाक्य सारखं आठवतंय, कारण माझं काम रंगापाशीच अडलंय.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी मी मावळे रंगवतेय. टेबलावरच्या लढायांच्या खेळासाठी बोटाच्या पेराएवढे सैनिक मिळतात, त्यांनाच मी पगड्या आणि मिशा चढवते. आमची अनिका म्हणते, आईचा मिडलाइफ क्रायसिससुद्धा दीड इंचाचा आहे. अर्ध्या सैन्याचे अंगरखे वांगी रंगात झाले आणि कंपनीनं तो रंगच बंद केला. या ब्रँडचा अमुक रंग म्हणजे त्या ब्रँडचा तमुक, असे तक्ते नेटवर आहेत. तीन पाहिले, तिन्हींची उत्तरं वेगळी. शेवटी तिन्ही बाटल्या आणल्या, आणि आता मलाच काही ठरवता येईना.

तुम्ही सगळी नोकरी गाड्यांचे रंग जुळवण्यात घालवलीत. एक रंगवलेला मावळा आणि तिन्ही बाटल्या पार्सलनं पाठवतेय. फोटो पाठवला असता, पण फोन रंगाच्या बाबतीत थापा मारतो. सवड झाली की बघा.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुमची सुचित्रा

---

ट्रॉय, १५ ऑगस्ट

चि. सुचित्रास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. मावळ्याच्या मिशा माझ्या जुन्या मॅनेजरसारख्या आहेत, बाकी उत्तम.

ते तक्ते फेकून दे. बाटलीच्या झाकणाचा रंग बघून केलेले असतात. रंग ओला असताना एक दिसतो, वाळला की दुसरा, आणि खालचं अस्तर बदललं की तिसरा. मी तिन्ही रंग एकाच करड्या अस्तरावर लावले, दोन-दोन हात दिले, रात्रभर वाळू दिले. मग मावळा त्यांना खेटून धरला. मध्ये केसभर जरी फट राहिली तरी डोळा फसतो. दुसऱ्या नंबरची बाटली घे. वादच नाही. तिन्ही रंगांचं, नंबर घातलेलं कार्ड सोबत पाठवतोय.

खूप दिवसांनी टेबलावर रंग मांडून बसलो, बरं वाटलं. पद्मिनी असती तर टेबलक्लॉथवरून बोलणी बसली असती. ती गेल्यापासून टेबलक्लॉथ घातलेलाच नाही. दर रविवारी शेजारच्या सुमंतला गाडीतून मंदिरात नेतो, त्यानं ड्रायव्हिंग सोडलंय. हल्ली आम्ही उजेड असेपर्यंत परततो. समोरच्या गाड्यांचे हे नवे दिवे डोळ्यांपुढे नुसते फुटतात. अशा दिव्यांना परवानगी देतंच कोण?

अनिकाला आशीर्वाद. अधूनमधून पत्र टाकत जा.
गुरुदत्तकाका

---

कॅरी, २४ ऑगस्ट

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. तुमच्याच नियमानं सकाळी खिडकीशी नेलं. दुसरा नंबर मला जरा तांबूस वाटला. अनिकानं तर येता-जाता बघून सांगून टाकलं की हा सरळ ब्राउन आहे, कोणी निवडला? नंबर लिहिताना अदलाबदल तर नाही ना झाली? मला पहिला जवळचा वाटतो.

आणखी एक लहानसं कार्ड पाठवतेय. त्यावर दोन ठिपके आहेत. मावळ्यांच्या शेल्यांना कुठला बरा दिसेल, एवढंच कळवा.

प्रकृतीला जपा, आणि आमच्यावर असाच जीव असू द्या.
सुचित्रा

---

ट्रॉय, २ सप्टेंबर

चि. सुचित्रास,
अनेक आशीर्वाद.

नंबरांची अदलाबदल झालेली नाही. मी आजवर केलेली नाही. तुझी खिडकी उत्तरेला असेल, किंवा अनिकाच्या चष्म्याचा नंबर बदलला असेल.

दुसऱ्या कार्डाबद्दल काय सांगू? दोन्ही ठिपके काळेच पाठवलेस. एक जरा जास्त चकाकतो, इतकंच. कामाच्या घाईत एकच बाटली दोनदा उघडलीस वाटतं. पन्नाशी अजून लांब आहे तुझी, आतापासून अशी विसरू नकोस.

तुम्हां सगळ्यांची आठवण काढत असतो.
काका

---

कॅरी, ९ सप्टेंबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडून पुन्हा लिहितेय. मी एकच बाटली दोनदा उघडली नव्हती. एक ठिपका काळा होता आणि दुसरा नेव्ही ब्लू. मुद्दाम पाठवले होते.

डोळ्यांच्या एका औषधाचं काम आमच्या ऑफिसात चालू होतं, तेव्हा वाचलं होतं. मोतीबिंदू धरायला लागला की डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, आणि निळा रंग सर्वांत आधी कमी दिसायला लागतो. वांग्यातला निळा गेला की ब्राउनच उरणार. दिव्यांचं फुटणंही त्यातलंच. हे इतकं हळूहळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही. तुमच्याकडून चूक झाली असं मी म्हणत नाही, तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही अचूक जुळवलंत.

पण रविवारी तुम्ही सुमंतकाकांना शेजारी बसवून हायवेवर जाता, आणि मला इथे घरात स्वस्थ बसवत नाही. माझ्यावर हवं तेवढं रागवा. डोळे मात्र दाखवा.

लोभ कमी करू नका.
सुचित्रा

---

ट्रॉय, २१ सप्टेंबर

चि. सुचित्रास,
आशीर्वाद.

कंपनीनं मला रंग तपासून पसंतीची सही करायला बसवलं होतं, आणि तू घरबसल्या माझीच तपासणी केलीस. चार दिवस तुझे फोन घेतले नाहीत, ते फोन बिघडला म्हणून नव्हे.

सुमंतला सगळं सांगितलं. तो माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, लेनच्या पट्ट्या तुला दिसतात की नाही याची शंका मला उन्हाळ्यापासून आहे, पण न्यायला दुसरं कोणी नाही म्हणून गप्प बसलो.

त्यानंच मुलाला बोलावलं आणि आम्हाला ॲन आर्बरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्याचं ऑपरेशन आठ ऑक्टोबरला, डाव्याचं एकोणतीसला. पहिल्याला सुमंतचा मुलगा येणार आहे. दुसऱ्याला तू ये. येताना मावळे आणू नकोस.

काका

---

ट्रॉय, १७ ऑक्टोबर

चि. सुचित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या तिकिटाची तारीख समजली. उजवा डोळा छान आहे. थेंब वेळेवर घालतो. मंदिरात येणाऱ्या एका बाईंनी सुमंतची आणि माझी ने-आण तूर्त त्यांच्याकडे घेतलीय.

आधी कामाचं. दुसरी बाटली ब्राउन आहे. अनिकाला सांग, तिला आमच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली असती. पहिली बाटली घे, त्यात निळ्याचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब घाल, आणि हात पातळ दे. आता मावळ्याला खेटून धरलं तर जोड दिसत नाही. उजव्या डोळ्यानं बघितलंय, त्यामुळे खात्रीनं सांगतो.

आता दुसरं. सध्या माझा एक डोळा नवा आणि एक जुना आहे. आलटून पालटून मिटतो आणि घरभर हिंडतो. सुमंत म्हणतो, म्हातारपणी डोळे मारायला लागलास. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतींना पद्मिनीच्या शेवटच्या वर्षी तिनं आणि मी रंग दिला होता. मला तो सायीसारखा दिसायचा. सकाळी चहाला ती तिथे बसायची, तेव्हा भिंत, तिचा पांढरा स्वेटर, सगळ्यावर तीच ऊब असायची. ऑपरेशननंतर तिथे गेलो, तर भिंती निळसर पांढऱ्या. दुसऱ्याच कुणाच्या घरात चहा करतोय असं वाटलं. मग उजवा डोळा मिटला. सगळं जागच्या जागी होतं. मी तसाच बसून राहिलो, चहा निवला.

ती ऊब पिवळ्या पडलेल्या भिंगाची आहे हे मला कळतं. हे कळणं माझा धंदाच होता. पण मी तिला पाहिलं ते त्याच भिंगातून, आणि ते आता फक्त डावीकडे उरलंय. गाडी चालवायला उजवा डोळा पुरेसा आहे. मी डॉक्टरांना तसं मुद्दाम विचारून घेतलंय.

तू ये, तिकीट रद्द करू नकोस. चार दिवस राहा. तू काय म्हणशील ते मला आत्ताच ऐकू येतंय, आणि डॉक्टरही तुझ्याच बाजूचे असणार. तरीही विचारतो. एकोणतीसची तारीख तू फोन करून रद्द करशील का? हा एक डोळा मला असाच राहू देशील?

तुझा,
गुरुदत्तकाका